विचारायला तोंड राहिलं पाहिजे

आमच्या सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक २०१६च्या नगरपरिषद निवडणुकीत एका उमेदवाराने बसवून दिलेले आहेत. गच्चीवरच्या दोन टाक्यांपैकी एक त्याचीच. मी तेव्हा या इमारतीत राहत नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होते आणि मतदानाच्या दिवशी एका केंद्रावर ड्यूटीला होते. निवृत्तीनंतर २०१८ साली इथे घर घेतलं. ब्लॉक कुठून आले ते कळलं पुढच्या पावसाळ्यात.

२०१६ची ती निवडणूक नोटाबंदीत सापडली होती. ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि २७ नोव्हेंबरला राज्यातल्या नगरपरिषदांचं पहिल्या टप्प्याचं मतदान होतं. आमच्याकडे आदल्या रात्री फिरणारी पाकिटं त्या वेळी अडली, कारण जुन्या नोटा कोणी घेईना आणि नव्या पुरेशा कोणाकडे नव्हत्या. मग वस्तूंचा सपाटा सुरू झाला. वस्तीत कुकर गेले, मंडळांना ढोल-ताशे मिळाले, बायकांसाठी ‘खेळ पैठणीचा’ झाला आणि आमच्यासारख्या इमारतींना कुठे रंग, कुठे टाकी, कुठे ब्लॉक. सोसायटीच्या सभेत ठराव झाला नाही, कागदावर काही आलं नाही. एका सकाळी ट्रक आला आणि काम सुरू झालं, एवढंच जुने रहिवासी सांगतात.

२०१९च्या पावसात रस्त्याकडेचं गटार तुंबलं आणि तळमजल्यावरच्या दोन घरांत गुडघाभर पाणी शिरलं. धान्याचे डबे, गाद्या, एका मुलीची दहावीची वह्या-पुस्तकं, सगळं गेलं. चार दिवसांनी आम्ही काही जण नगरसेवकाच्या कार्यालयात गेलो. तो आमच्याशी चांगलाच वागला, हे मुद्दाम सांगते. उठून नमस्कार केला, चहा मागवला, शांतपणे ऐकून घेतलं. मग आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकांकडे बघून म्हणाला, “काका, तुमच्या सोसायटीचा हिशोब मी सोळा सालीच पूर्ण केलाय. ब्लॉक दिले, टाकी दिली. आता गटाराचं तुम्ही पालिकेत जाऊन सांगा.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादं बिल भागवून झालंय आणि पावती समोर ठेवलीय, असा तो सूर होता. यावर कोणीच काही बोललं नाही. खरं तर बोलण्यासारखं खूप होतं. गटार पालिकेचं, पालिकेचा नगरसेवक हा, आणि टाकीसाठी आपण त्याला निवडून दिलेलं नव्हतं. पण ज्यांच्या डोक्यावर ती टाकी होती त्यांच्या तोंडून यातलं एक वाक्य निघेना. परत येताना काका म्हणाले, “आपल्याला विचारायला तोंडच राहिलं नाही.”

भ्रष्ट पक्षांचं मतदारांनी काय करावं, या प्रश्नाचा मी त्यानंतर बराच विचार केला आणि दरवेळी काकांच्या या वाक्यापाशी येऊन थांबले. मत कोणाला द्यायचं हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्या आधीचा प्रश्न असा, की निवडून आलेल्याला उद्या विचारायची वेळ आली तर माझं तोंड मोकळं असेल का? जो मिंधा झाला त्याचं मत मोजलं जातं, पण त्याला पुढची पाच वर्षं कोणी मोजत नाही.

“सगळेच तसले” हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, एसटीत, भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत ऐकत आले आहे. ते म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. महाराष्ट्राने काय काय पाहिलं आहे! सिमेंटच्या प्रकरणात १९८२ साली मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीपायी २०१० साली आणखी एका मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१२ साली सिंचनाचा गदारोळ उठला. दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चून सिंचनाखालचं क्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढलं, असा आरोप झाला आणि त्याला आधार सरकारच्याच आर्थिक पाहणीचा होता. श्वेतपत्रिका निघाली, चौकश्या लागल्या, बैलगाडीभर पुरावे आणले गेले. आणि पुढे आरोप करणारे व ज्यांच्यावर आरोप झाले ते, दोघंही आपण एका मंत्रिमंडळात बसलेले पाहिले. निवडणूक रोखे २०१८ साली आले, १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, आणि मग याद्या बाहेर आल्या तेव्हा दिसलं की बहुतेक मोठ्या पक्षांनी त्यांतून पैसे घेतले होते. माहिती अधिकाराखाली राष्ट्रीय पक्ष येतात, असा निर्णय केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३मध्ये दिला. तो या पक्षांनी पाळला नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका बाबतीत एकमताने वागले.

तेव्हा “सगळेच तसले” म्हणणाऱ्याजवळ पुरावा आहे. मला पटत नाही ते या वाक्याच्या पुढचं. कारण या वाक्यानंतर माणसं दोनच गोष्टी करताना मी पाहिली आहेत. एक तर घरी बसतात, नाहीतर “सगळ्यांचं घ्यायचं आणि मत आपल्या मनानं द्यायचं” असं म्हणतात. हा दुसरा विचार आपल्याकडे मोठ्या हुशारीचा समजला जातो. मोठमोठ्या नेत्यांनीही व्यासपीठावरून तो सांगितलेला आहे.

त्यात खोट कुठे आहे ते मला आमच्या नगरसेवकाने दाखवून दिलं. त्याला आमच्या इमारतीतून किती मतं पडली हे त्याने विचारलंच नाही. देणारा मताची खात्री विकत घेत नसतो, ती त्याला मिळणार नाही हे त्यालाही कळतं. तो आपलं गप्प बसणं विकत घेतो, आणि ते त्याला हमखास मिळतं. शिवाय चार उमेदवारांकडून घेतलेलं म्हणजे चौघांनी गुंतवलेलं. त्यातला जो निवडून येईल तो ते रस्त्यातून, गटारातून, शाळेच्या शौचालयातून टक्केवारीने काढणार. भारताच्या कायद्याने मतासाठी देणारा आणि घेणारा दोघंही गुन्हेगार आहेत, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट मतदारांना सांगितली की ते माझ्याकडे अविश्वासाने बघतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी मी याबद्दल एकदा बोलले. त्या म्हणाल्या, “बाई, पाच वर्षांत तेवढंच तर हाताला लागतं. नाही घेतलं तर गटार होणारे का?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं आणि आजही त्यांना उपदेश करायची माझी तयारी नाही. त्यांच्या घरात त्या पैशांत महिन्याचं रेशन येतं. माझा राग आहे तो आमच्यावर, फ्लॅटवाल्यांवर. आम्हाला टाकी परवडत होती. वर्गणी काढली असती तर दोन महिन्यांत झाली असती. ज्यांना नाही म्हणता येतं त्यांनीच आधी नाही म्हटलं पाहिजे, कारण तळमजल्यावर पाणी शिरलं तसं मावशींच्या वस्तीतही शिरलं होतं, आणि आम्ही गप्प बसल्यामुळे त्यांच्या वतीनेही कोणी बोललं नाही.

गाव मोठं झालं की हे बदलतं असंही नाही आणि लहान आहे म्हणून साधंभोळं असतं असंही नाही. जानेवारी २०२१मध्ये देवळा तालुक्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. सरपंचपदाचे लिलाव झाल्याचं उघड झालं होतं. उमराण्याची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली होती, खोंडामळीची बेचाळीस लाखांवर. पैसा देवळाच्या कामासाठी होता, गावाच्या भल्याचाच होता, असं तेव्हा म्हटलं गेलं. आमच्या ब्लॉकबद्दलही हेच म्हटलं जात होतं, की कोणी खिशात थोडेच घातले, सगळ्यांच्याच सोयीचं आहे. सगळ्यांच्या नावाने घेतलेलं जास्त घातक असतं, असं आता मला वाटतं. एकट्याने घेतलं तर एक माणूस गप्प बसतो, देवळासाठी घेतलं तर अख्खं गाव.

‘नोटा’चं, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण आलं तेव्हा मला आनंद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल २७ सप्टेंबर २०१३चा. त्याआधी मतदान करायचं नसेल तर नियम ४९-ओ होता. मतदाराने केंद्रावर येऊन तसं सांगायचं, केंद्राध्यक्षाने नोंदवहीत तसा शेरा मारायचा आणि मतदाराने त्यापुढे सही करायची. एका निवडणुकीत माझ्यासमोर असे एक गृहस्थ आले होते. ते बोलू लागताच खोलीतले सगळे पोलिंग एजंट माना वळवून बघायला लागले. कोणाला मत दिलं हे गुप्त, आणि कोणालाच द्यायचं नाही हे मात्र सगळ्यांदेखत! बटणाने हा अन्याय दूर झाला.

पण त्या बटणावर विसंबून राहता येत नाही. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये २७ हजार ५०० मतं मिळवून ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला. पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्याने काहीही फरक पडला नाही, आणि ‘नोटा’ पहिला आला असता तरी कायद्याने फरक पडला नसता. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८मध्ये स्थानिक निवडणुकांपुरती एक वेगळी तरतूद केली, की ‘नोटा’ला सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. मात्र फेरनिवडणुकीतही तेच झालं तर उमेदवारांत जो पुढे असेल तो विजयी. म्हणजे एक इशारा देता येतो, आणि तो गावाने मिळून ठरवून दिला तरच. एकट्याने रागाने दाबलेल्या बटणातून राग निघून जातो, एवढंच होतं. मी ते वाईट म्हणत नाही. पण त्याच दुपारी घरी जाऊन “मी माझं काम केलं” असं कोणी म्हणू लागलं, की मला काळजी वाटते.

आमच्या नगरपरिषदेची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता आणि राज्यभरातल्या बहुतेक नगरपरिषदा, महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. हा काळ चांगला होता असं माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी काढू नये. भ्रष्टाचार तेव्हाही होता, फक्त पाडायला कोणी समोर नव्हतं. पण त्या काळात एक झालं. मध्यस्थ नाही म्हटल्यावर आम्हाला कार्यालयाची पायरी स्वतः चढावी लागली.

आमच्या समोरचा रस्ता २०२३ साली काँक्रीटचा झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात जागोजाग उखडला. मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ‘जोडपत्र अ’ भरायचं, पोच घ्यायची. तीस दिवस झाले, उत्तर नाही. प्रथम अपील केलं, तेव्हा कागद पाहायला बोलावलं. महापालिका, जिल्हा परिषदा आणि जिल्हाधिकारी कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच लोकांना फाईली बघू द्याव्यात, असा शासनाचा २०१८चा निर्णय आहे. आमच्यासारख्या लहान ठिकाणी तेवढी सोय नसली तरी अर्ज केला की कागद दाखवावे लागतातच.

बांधकाम विभागात एका कोपऱ्यातल्या टेबलावर फाईल ठेवली होती. अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि मोजमाप पुस्तिका. या पुस्तिकेला तिथे सगळे एमबी म्हणतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी अभियंत्याने जागेवर मोजून तीत लिहायची आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघायचं. मुलांच्या वह्या तपासण्यात माझा जन्म गेला, तेव्हा वाचायला अडचण आली नाही. जाडीच्या रकान्यात प्रत्येक ओळीला १५ सेंटिमीटर. ओळीमागून ओळ, एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं सुबक अक्षर. तीनशे मीटरच्या रस्त्यावर कुठेही चौदा नाही की सोळा नाही.

आमच्या फाटकाजवळ नळजोडणीसाठी कोणीतरी रस्ता खणला होता. तिथे काँक्रीटची कडा उघडी पडली होती. घरातली फूटपट्टी घेऊन मी खाली बसले. माती झटकून पट्टी उभी लावली. साडेनऊ. पुढे हातभर सरकून पुन्हा लावली. नऊ. शेजारच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढले, पट्टीवरचे आकडे नीट दिसतील असे. माहिती अधिकार कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो आधार देऊन आम्ही संयुक्त पाहणी मागितली. अभियंता टेप घेऊन आला, मोजलं, आणि त्याच्याच हाताने आकडे लिहिले गेले.

ठेकेदाराची सुरक्षा ठेव अडवली गेली. कामाचा दोषदायित्व कालावधी संपलेला नव्हता, म्हणून सर्वांत खराब तुकडा त्याला पुन्हा करावा लागला. बाकी रस्ता आहे तसाच आहे. पुस्तिकेत खोटं लिहिणाऱ्याची बदली झाली, याहून जास्त काही नाही. पण हे सगळं चाललं असताना “तुमचा हिशोब पूर्ण झालाय” असं आम्हाला कोणी म्हणू शकलं नाही, कारण या रस्त्याच्या कामात आम्ही कोणाचं काहीच घेतलेलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं तोंड मोकळं होतं, आणि ते वापरायला आम्ही शिकत होतो.

अखेर २ डिसेंबर २०२५ला मतदान ठरलं. नोव्हेंबरमध्ये सोसायटीची सभा भरली. एका उमेदवाराकडून गच्चीवर सोलर पॅनेल बसवून देण्याचा निरोप आला होता. वीजबिलाचा आकडा ऐकून बऱ्याच जणांना मोह झाला, आणि तो समजण्यासारखा होता. तरुण जोडप्यांपैकी एकजण म्हणाला, “नाहीतरी हे आपलेच पैसे आहेत, परत घेतले तर काय बिघडलं?” हा मुद्दा सभेत चांगलाच लागू पडला. तेव्हा काका उठले. २०१९ साली नगरसेवकाच्या कार्यालयात काय झालं ते त्यांनी तपशिलाने सांगितलं. नव्या लोकांनी ते ऐकलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, “पॅनेल बसतील. पण पुढच्या पावसात पाणी आलं तर जायचं कुणी? मी जाणार नाही. एकदा ती शोभा झाली, पुरे.” पॅनेल घ्यायचे नाहीत, असं ठरलं. एकमत झालं नाही, बहुमत झालं. ठराव या वेळी वहीत लिहिला आणि फाटकावर पाटी लावली, की उमेदवारांनी जरूर भेटायला यावं, सोसायटीला काही देऊ नये.

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दारावर एक मुलगा आला. माझाच विद्यार्थी. चौथीत असताना त्याचं अक्षर वर्गात सगळ्यांत छान होतं. आता एका पक्षाचं काम करतो. हातात मतदार यादीची पानं, खांद्याला बॅग.

“बाई, रागावू नका. तुमच्या घरची तीन मतं. वरून आलंय.”

“बाळा, मी घेणार नाही, तुला माहीत आहे.”

“माहितीये बाई. पण परत नेलं तर म्हणतील, यानंच खिशात घातलं. प्रत्येक नावापुढं टिक पाहिजे त्यांना. तुम्ही घ्या, नंतर देवळात टाका पाहिजे तर.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरंच भीती होती. वर बसलेल्यांचा खालच्यांवर तेवढाही विश्वास नाही, आणि या बेकार पोराला त्यांनी उंबऱ्या-उंबऱ्यावर उभं केलं आहे. मी त्याच्याकडून यादी घेतली. आमच्या तीन नावांपुढे लिहिलं, ‘घेतले नाहीत’, आणि खाली पूर्ण सही केली, तारीख घातली. मतदार नोंदवहीत इतकी वर्षं लोकांच्या सह्या घेतल्या होत्या, त्या यादीवर माझी पहिलीच. तो वाचून म्हणाला, “हे चालेल बाई.” मग जरा थांबून, “शेजारच्यांनापण विचारू का, असं लिहून देतील का?” त्या मजल्यावरच्या आणखी एका घराने तसं लिहून दिलं. बाकीच्यांनी काय केलं ते मी विचारलं नाही.

आता मत कोणाला, हा प्रश्न. आमच्या प्रभागात प्रत्येकाला तीन मतं, दोन नगरसेवक आणि एक थेट नगराध्यक्ष. उमेदवारांना आम्ही आवारात खुर्च्या टाकून बोलावलं होतं. शपथपत्रांच्या प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यांत असतं. उमेदवाराची ही माहिती मतदाराला मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलेलं आहे. जुना नगरसेवक या वेळी तिसऱ्या पक्षाकडून उभा होता. मालमत्ता कशी वाढली हे विचारल्यावर वडिलोपार्जित जमीन विकली म्हणाला, कोणती ते सांगितलं नाही. दुसऱ्या एका पक्षाची उमेदवार होती तिशीतली बाई, अंगणवाडीतली नोकरी सोडून आलेली. मोजमाप पुस्तिका म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. पण तिने ते आमच्याकडून समजून घेतलं, वहीत लिहिलं, आणि प्रभागातल्या कामांची कागदपत्रं दर सहा महिन्यांनी इथेच आणून दाखवीन म्हणाली. तिच्या पक्षाचे राज्यातले काही नेते मला अजिबात पसंत नाहीत. मी तिला मत दिलं.

आमच्या काकांची गोष्ट याहून अवघड होती. त्यांनी आयुष्यभर एकाच पक्षाला मत दिलं आहे, आणीबाणीच्या दिवसांपासून. जुन्या नगरसेवकाला या वेळी नेमकं त्यांच्याच पक्षाने उभं केलं होतं. काकांनी उमेदवारीचे एबी फॉर्म वाटले जाण्याआधी पक्षाच्या शहराध्यक्षांना पत्र लिहिलं, की हा माणूस दिलात तर माझं या जागेचं मत तुम्हाला नाही. उत्तर आलं नाही. काकांनी नगराध्यक्षपदाला पक्षाला मत दिलं, त्या जागेवर मात्र दुसऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र पाठवलं, काय केलं आणि का केलं ते नावानिशी सांगणारं. मला मोठ्या पक्षांच्या भ्रष्टाचारावर यापेक्षा परिणामकारक उपाय दिसत नाही. विरोधकांच्या चोराविरुद्ध मत देणं सोपं आहे, ते आपण एरवीही देतोच. पक्षाला धाक वाटतो तो स्वतःच्या हक्काच्या मतदाराचा. गुन्हेगारी खटले प्रलंबित असलेला उमेदवार का निवडला याची कारणं पक्षांनी जाहीर करावीत, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं कारण पुरेसं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२०मध्ये बजावलं. न्यायालयाने काहीही सांगितलं तरी तिकीट वाटताना बघतात ते इलेक्टिव्ह मेरिटच. मग हे मेरिट कमी करणं आपल्या हातात उरतं, आणि आपला म्हणवणारा पक्ष असेल तिथे ते आपल्याला जास्त करता येतं.

मोजणी लांबून २१ डिसेंबरला झाली. अंगणवाडीच्या बाई निवडून आल्या. जुना नगरसेवकही दुसऱ्या जागेवर निवडून आला, मागच्यापेक्षा बऱ्याच कमी मताधिक्याने. आठवड्याभरात काकांना शहराध्यक्षांचा फोन आला. “काका, आधी सांगायचं ना.” काकांनी त्यांना पहिल्या पत्राची तारीख सांगितली.

जुना नगरसेवक जानेवारीत सोसायटीत येऊन गेला. कोणी त्याचा सत्कार केला नाही, अपमानही केला नाही. चहा दिला. गटाराचं अंदाजपत्रक तयार होऊन किती दिवस झाले आणि ते कोणाच्या टेबलावर आहे, हे तळमजल्यावरच्या वहिनींनी त्याला तारखेसकट सांगितलं. तो म्हणाला, “बघतो.” वहिनी म्हणाल्या, “कधीपर्यंत ते सांगा, मी लिहून घेते.” त्याने महिना सांगितला, वहिनींनी लिहून घेतला.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो. गटाराचं काम त्यात यावं म्हणून आम्ही अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, दोन्ही नगरसेवकांना प्रती दिल्या आहेत. मावशींच्या वस्तीतल्या बायकांनीही सह्या केल्या आहेत, कारण गटार तिकडेच जातं. सर्वसाधारण सभा नागरिकांना बसून बघता येते. वहिनी, काका, मी आणि वस्तीतल्या दोघीजणी जाणार आहोत.